टाइल्स बसवायचा ऑनलाइन कोर्स घ्यावा का? (मिस्त्रीच्या हाताखाली राबून आल्यावर लिहितोय)

कोर्स संपवून घरचं बाथरूम स्वतः केलं तेव्हाच रिव्ह्यू टाकणार होतो, राहून गेलं ते बरंच झालं, नाहीतर डोळे झाकून ५ स्टार दिले असते. नंतर तीनेक महिने सुट्टीच्या दिवशी एका मिस्त्रीच्या हाताखाली बिगारी म्हणून गेलो, मसाला कालव, टाइल उचलून दे, बादल्या धू, आणि तेव्हा कुठे कळलं की कोर्समध्ये काय आहे नि काय नाही.

आधी चांगलं सांगतो. शिकवणारा कारणं देतो. टाइल चिकटवायचं अ‍ॅडहेसिव्ह कालवलं की ५-१० मिनिटं तसंच ठेवायचं आणि परत ढवळायचं, नंतर घट्ट वाटलं तरी वरून पाणी मारायचं नाही, का तर आतल्या केमिकल्सना भिजायला वेळ लागतो आणि पाणी वाढलं की पकड जाते. कोपरा काटकोनात आहे का बघायला एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करायची, तिरकं माप बरोबर ५ आलं पाहिजे. मिस्त्रीला यातलं काहीही विचारा, उत्तर एकच, "असंच करतात." सात वर्षं हाताखाली असलेल्या पोरालाही कारण माहीत नव्हतं, मी सांगितलं तर हसायला लागला. त्यामुळे उस्तादाकडे गेलं की सगळं आपोआप कळतं असं म्हणणाऱ्यांचं मला फारसं पटत नाही.

पण हात. तो व्हिडिओतून येत नाही बाबा.

मिस्त्री एकदा घरी आला होता, मी कौतुकाने बाथरूम दाखवलं. तो काही बोलला नाही, थापी उलटी धरून दांड्याने एकेक टाइल ठोकत गेला. टक टक टक, मग एकदम डब. "ऐकलं का?" मला आधी फरकच कळेना, तिसऱ्या वेळी कळला, आणि आता विसरता येत नाही. त्यातली एक टाइल काढली तर मागे अ‍ॅडहेसिव्हच्या रेघा जशाच्या तशा उभ्या, दबलेल्याच नाहीत, म्हणजे आत पोकळ, म्हणून डब. दातेरी थापीने पसरून ठेवलं आणि मी कटिंग करत बसलो, तोवर वर साय धरली होती. १५-२० मिनिटांत टाइल बसवा हे कोर्समध्ये सांगितलंय, खोटं कशाला बोलू, पण ऊन-वारा असला की ती वेळ अजून कमी होते आणि मिस्त्री घड्याळ बघतच नाही, बोट लावतो, बोटाला चिकटलं नाही की खरवडून टाकतो.

दुसरं म्हणजे लेव्हल. पहिल्याच दिवशी त्याने माझी लेव्हल पट्टी भिंतीला लावली, मग तीच पट्टी टोकं उलटी करून त्याच जागी लावली, बुडबुडा वेगळ्याच ठिकाणी! म्हणजे पट्टीच खोटी आणि मी अख्खी भिंत तिच्या भरवशावर केलेली. अवजारांवर एवढा मोठा चॅप्टर आहे आणि हे साधं चेकिंग नाही, याचा खरंच राग आला. १ स्टार इथेच गेला.

ढाळाचंही तेच, मीटरला १ ते २ सेंटीमीटर हे पाठ होतं, पण टाइल लावायच्या आधी खालच्या कोब्यावर तांब्याभर पाणी ओतून ते कुठे थांबतं हे बघत बसायचं मला सुचलं नाही. दारामागे अजून पाणी साठतं.

तर ५ पैकी साडेतीन. स्वतःच्या घरातलं छोटं काम करायचं असेल तर घ्या, पण आधी चार दिवस कुणाच्या तरी बादल्या धुवून या आणि मग व्हिडिओ बघा, मी उलटं केलं. वॉटरप्रूफिंगचा भाग मात्र दोनदा बघा, टाइल्सच्या आधी २४ तास पाणी साठवून गळती बघायची पद्धत नीट दाखवलीये. सपोर्टला मेल केला तर उत्तर येतं, पण हात धरून "थांब" म्हणणारं कोणी नाही.

डब वाजणाऱ्या अजून तीन टाइल्स आहेत, पुढच्या सुट्टीत काढतोय.