पिग्मी की ड्वार्फ? दोन बुटक्या स्पर्म व्हेल ओळखताना

दोन्ही नावांचा अर्थ ‘बुटका’च, त्यामुळे गोंधळ नावापासूनच सुरू होतो. त्यात दोघांचं थोबाड शार्कसारखं: खालचा जबडा आखूड, आत ओढलेला, आणि डोळ्यामागे कल्ल्याची फट वाटावी असा फिकट पट्टा. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८६६ मध्ये विशाखापट्टणमला मिळालेल्या नमुन्यावरून ड्वार्फचं वर्णन केलं, तरी त्यानंतर बराच काळ दोघांना एकच जात धरलं जाई. वेगळेपण पक्कं झालं ते थेट १९६६ मध्ये. तेव्हा आपण घोटाळलो तर लाजायचं कारण नाही.

किनाऱ्याला लागलेला प्राणी समोर असेल, तर आधी लांबी. ड्वार्फ साधारण २.७ मीटरच्या पुढे जात नाही, पिग्मी साडेतीन मीटरच्या आसपास पोचतो. तीन मीटर भरला तर विषय संपला. पण अडीच मीटरचा निघाला तर? पूर्ण वाढलेला ड्वार्फ असेल, नाहीतर कोवळा पिग्मी. अशा वेळी रंगाच्या नादी लागू नका, मोजपट्टी काढा.

तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत २५० सेंटिमीटर भरले समजा. पाठीवरचा पर साडेबारा सेंटिमीटरहून, म्हणजे लांबीच्या ५ टक्क्यांहून उंच असेल, तर ड्वार्फ. त्याचा पर डॉल्फिनसारखा ताठ, पाठीच्या मध्याजवळ. पिग्मीचा ठेंगणा, आकडीसारखा, मागे सरकलेला. माझा सगळ्यात जास्त भरवसा याच खुणेवर. पडताळ्याला तोंडाच्या टोकापासून नाकपुडीपर्यंतचं अंतर घ्या: १० टक्क्यांहून कमी असेल तर ड्वार्फ, जास्त असेल तर पिग्मी.

पर तुटलेला असेल तर दात बघा. वरच्या जबड्यात दात सापडले तर कौल ड्वार्फकडे. न सापडले तर काहीच ठरत नाही, कारण बऱ्याच ड्वार्फनाही ते नसतात.

समुद्रात मात्र काम अवघड. दोघंही पाण्यावर ओंडक्यासारखे निपचित पडतात, फवारा जेमतेम दिसतो आणि शेपटी वर न काढताच गुपचूप बुडतात. घाबरले की आतड्यातल्या पिशवीतून तांबूस-तपकिरी द्रव सोडून पाणी गढूळ करतात. बघायला भन्नाट, पण ओळखायला निरुपयोगी, कारण ही खोड दोघांचीही आहे. पराचा बाजूने स्पष्ट फोटो मिळाला तरच नाव लिहा. नाहीतर वहीत नुसतं ‘कोगिया’ लिहायचं, जाती दोन असल्या तरी दोघांची प्रजाती (जीनस) तीच.