अवयवांमधला फोटॉन डोस काढायचाय: ईजीएसएनआरसी, जिअँट४ की एमसीएनपी?

मेडिकल फिजिक्सच्या प्रोजेक्टला मोंटे कार्लो (एकेका फोटॉनचा प्रवास रँडम आकड्यांनी कॉम्प्युटरवर चालवायची पद्धत) घेतलंय आणि कोणता कोड शिकायचा इथेच गाडी अडलीये, तर आधी एवढंच बघा की फोटॉन शरीराबाहेरून येतायत की आतून, निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

बाहेरून, म्हणजे ६ एमव्हीचा लिनॅक (कॅन्सरच्या उपचाराचं एक्स-रे मशीन) किंवा आपल्या भाभाट्रॉनसारखं कोबाल्ट मशीन (१.१७ आणि १.३३ एमईव्हीचे गॅमा), तर डोळे झाकून ईजीएसएनआरसी घ्या. कॅनडाच्या एनआरसीचा, ओपन सोर्स, फोटॉन-इलेक्ट्रॉनपुरताच आहे पण तेवढं काम फार चोख करतो. मशीनचं हेड त्याच्याच बीमएनआरसी या प्रोग्रॅममध्ये बांधायचं, पेशंटचा सीटी डॉसएक्सवायझेडएनआरसीत टाकायचा. त्याची मॉरट्रान भाषा बघून धडकी भरते पण नेहमीच्या कामाला इनपुट फाइल भरली की भागतं.

आतून, म्हणजे थायरॉइडमध्ये आयोडीन-१३१ बसलंय आणि त्याचा ३६४ केईव्हीचा गॅमा इतर अवयवांना किती डोस देतो ते हवंय, तर जिअँट४. आयसीआरपी (रेडिएशन सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संस्था) ११० या अहवालाचे स्त्री-पुरुष फँटम, म्हणजे शरीराची कॉम्प्युटर मॉडेल्स, त्याच्या उदाहरणांतच तयार मिळतात. सी++ येत नसेल तर त्याच्यावरच उभं असलेलं गेट घ्या, व्हर्जन १० पासून ते पायथॉनमधून चालतं. मी हट्टाने थेट सी++ मध्ये भूमिती लिहीत बसलो आणि दोन महिने त्यातच गेले, डोस राहिला बाजूला, म्हणून कळकळीने सांगतोय.

एमसीएनपी जुना आणि भरवशाचा, पण लायसन्सला अर्ज करून वाट बघावी लागते. न्यूट्रॉन नसतील तर थांबू नका.

कोड कुठलाही घ्या, खरी चूक मटेरियलमध्ये होते. १ एमईव्हीला कॉम्प्टनचं (फोटॉन इलेक्ट्रॉनवर आपटून विखुरण्याचं) राज्य असतं, त्यामुळे घनता बरोबर असली की बरंचसं जमतं, पण ३० केईव्हीला फोटोइलेक्ट्रिक परिणाम (अणू फोटॉन पूर्ण शोषतो तो) अणुक्रमांकाच्या साधारण घनाने वाढतो, तिथे हाडातलं कॅल्शियम चुकलं की हाडाचा डोस पार गंडतो. आणि पुरुष फँटमचा व्हॉक्सेल (मॉडेल ज्या छोट्या ठोकळ्यांचं बनतं तो एक ठोकळा) २.१३७ × २.१३७ × ८ मिमीचा आहे, त्यातून त्वचेचा किंवा जठराच्या भिंतीचा आकडा काढून त्यावर विश्वास टाकू नका, त्याला आयसीआरपी १४५ चे मेश (ठोकळ्यांऐवजी पृष्ठभागांच्या जाळीचे) फँटम लागतात.

एरर निम्मी करायला हिस्ट्री (म्हणजे चालवलेले फोटॉन) चौपट लागतात, आणि थायरॉइडपासून अंडाशयापर्यंत मुळात फोटॉनच मोजके पोचतात, तेव्हा असा लांबचा छोटा अवयव असेल तर रन रात्रभर चालणार हे धरूनच सबमिशनची तारीख ठरवा.