सीपीआरजवळचं ऑनलाइन फॉर्मचं दुकान: नोकरी बदलणाऱ्या सिस्टर लोकांसाठी

कोल्हापुरात दसरा चौकातून सीपीआरकडे, म्हणजे सरकारी हॉस्पिटलकडे निघालं की झेरॉक्सची दुकानं लागतात. त्यातलंच हे एक, अगदी अरुंद. दोन कॉम्प्युटर, लॅमिनेशनचं मशीन आणि उभं राहायला दोन फरशा. खाली तक्रारीही लिहिल्या आहेत, म्हणून नाव देत नाही. सीपीआरमधल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, बोट दाखवेल.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, बरीच वर्षं आयसीयूत गेली. जुन्या ठिकाणी नाइट ड्युटीचं काही जमेना, म्हणून नवीन नोकरी बघायला घेतली. सरकारी भरतीत खुल्या गटाला वयाची अट 38, मागासवर्गीयांना 43. त्यामुळं अधिपरिचारिकेची (सरकारी स्टाफ नर्सची) जाहिरात आली की मी ती भाचीला पाठवून मोकळी होते. माझ्यासाठी राहिली ती खासगी हॉस्पिटलं, इथली नाहीतर सांगली-मिरजेची.

दुकानात गेले होते बायोडाटा टाइप करून घ्यायला. दुकानदार दादांनी माझी फाइल ओढून घेतली. "बायोडाटा ऱ्हाऊ द्या सिस्टर. कौन्सिलचं रजिस्ट्रेशन कधीपर्यंत हाय ते बघू आधी." महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, हे आपल्याला पाठ असतं. पण टायपिंगवाल्याला ते पहिल्यांदा विचारावंसं वाटतं, यातच दुकान कुणाच्या जिवावर चालतं ते कळलं. एनएबीएच (दर्जाची मान्यता) असलेलं हॉस्पिटल चालू नोंदणीशिवाय पुढं बोलतच नाही.

मग अनुभवाचं पत्र. माझ्या पत्रात काय, तर अमुक ते अमुक तारखेपर्यंत स्टाफ नर्स म्हणून काम केलं, वर्तणूक चांगली. दादा म्हणाले, "ह्यात तुम्ही आयसीयूला हुता का ओपीडीला, कुणाला काय कळणार?" त्यांच्याकडं एक कोरा नमुना आहे, येणाऱ्या-जाणाऱ्या सिस्टरांच्या कागदांवरून तयार झालेला. विभाग कुठला, किती बेडचा, व्हेंटिलेटरचे पेशंट सांभाळले का, शिफ्ट इनचार्ज होता का, कधीपासून कधीपर्यंत. तो भरून प्रिंट काढून दिला आणि म्हणाले, हे एचआरकडं न्या, लेटरहेडवर घ्यायला सांगा. हा सल्ला सगळ्यात कामाचा निघाला. एचआरला "नीट पत्र द्या" म्हटलं की ते उद्यावर जातं. मजकूर तयार हातात दिला की माणूस वाचतो आणि सही करतो. माझ्या बाबतीत तसंच झालं.

बायोडाटा साधाच केला, एका पानाचा. रंगीत पट्ट्या नाहीत, फोटोभोवती फुलं नाहीत. वर नोंदणी क्रमांक आणि मुदत, त्याखाली बीएलएस-एसीएलएसच्या तारखा (हृदय बंद पडलेल्या पेशंटला वाचवायच्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, दोन वर्षांत संपतात, हे ज्यांच्या लक्षात नाही त्यांनी आत्ता बघा), मग विभागवार काम. इंग्रजीचं स्पेलिंग मात्र स्वतः तपासा. दादांच्या हातून 'व्हेंटिलेटर' प्रत्येक ओळीत वेगळा उतरतो.

लग्नाआधीच्या नावावर नोंदणी आणि आधार सासरच्या नावाचं, असा घोळ आपल्यात घरोघरी. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला आणि नावबदल राजपत्रात छापून घ्यायचा ऑनलाइन अर्ज इथं होतो. माझ्या शेजारी उभी असलेली मुलगी त्याच कामाला आली होती आणि तिला कुठला कागद आधी लागतो ते त्यांनी न चिडता दोनदा सांगितलं.

आता तक्रारी. सगळ्यांचे आधार, मार्कलिस्ट, फोटो डेस्कटॉपवर उघडे पडलेले असतात. मी माझं फोल्डर समोर बसून डिलीट करायला लावलं, रिसायकल बिनमधूनसुद्धा. दादांना जरा राग आला, येऊ दे. दुसरं, काउंटरवर आखातातल्या नोकरीची पत्रकं ठेवलेली असतात, त्यावर एजंटचा परवाना क्रमांक नाही. परदेशी पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये आणि जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. नर्सना सौदी, कुवेतसारख्या देशांत पाठवायला तर केंद्रानं 2015 पासून ठरावीक सरकारी संस्थाच नेमल्या. हे दादांना सांगितलं. ते म्हणाले, "कोण तरी ठेवून जातं." मग उचलून टाका की!

तरी शहरातल्या एका प्लेसमेंटवाल्यापेक्षा हे दुकान बरं. तिथं मुलाखत ठरायच्या आधीच पहिल्या पगारातला हिस्सा ठरला आणि मूळ प्रमाणपत्रं "फाइलला लावून ठेवू" म्हणाले. मूळ कागद कुणालाही द्यायचे नाहीत. झेरॉक्सवर स्वतःची सही करून द्या, मूळ दाखवा आणि परत घ्या.

पगाराचं दादांना विचारू नका, ते "देतील ते घ्या" गटातले आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर केंद्रानं नेमलेल्या समितीनं खासगी नर्सला कुठंही 20,000 पेक्षा कमी नको, अशी शिफारस केली होती. दोनशेच्या वर बेड असतील तर सरकारी नर्सइतका पगार. शिफारसच ती, पण मुलाखतीत आकडा सांगताना पाठीशी असलेली बरी. मी सांगितला, समोरच्या मॅडमनी लिहून घेतला आणि "कळवतो" म्हणाल्या. अजून कळवलेलं नाही. मिरजेहून मात्र दुसऱ्या फेरीला बोलावलंय.

बायोडाटा, अनुभवपत्राचा मजकूर आणि प्रिंट मिळून दीडशे रुपये झाले. दुपारी जेवणाला शटर अर्धं ओढलेलं असतं, सोमवारी सकाळी जाऊ नका. पेन ड्राइव्ह आपला न्या.