सोलरचं पाणी, खारी हवा आणि तापमानाचा व्हॉल्व्ह: कोकणातल्या हॉटेलासाठी कोणता घ्यावा?

मालवण-तारकर्लीपासून गुहागर-हर्णैपर्यंत ज्या ज्या हॉटेलांची आणि होम-स्टेची नळजोडणी मी केली, तिथे मालकाचा एक प्रश्न ठरलेला असतो: साधा मिक्सर बसवू, प्रेशर बॅलन्सवाला घेऊ, की थर्मोस्टॅटिक? शहरातल्या शोरूममध्ये याचं जे उत्तर मिळतं ते बहुतेक वेळा किनाऱ्यावर चालत नाही. आपलं पाणी, आपली गच्चीवरची टाकी आणि आपला सोलर, तिन्ही वेगळे आहेत.

आधी गरम-थंड पाणी मिसळून तापमान सांभाळणारा हा व्हॉल्व्ह लागतोच कशाला ते पाहू. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाच्या कातडीला साधारण ५ सेकंदांत गंभीर भाजतं. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना त्याहून लवकर. घरचा नळ आपल्या हाताला माहीत असतो, पाहुण्याला तो पहिल्यांदाच दिसतो. मग टाकीतलंच पाणी ४५ अंशांवर ठेवलं तर? तेही चुकीचं. २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो, आणि शॉवरच्या तुषारांतून तो थेट फुप्फुसात जातो. म्हणून गरम पाणी साठवायचं ६० अंशांवर, आणि नळाशी येताना त्यात थंड मिसळून ३८ ते ४२ वर आणायचं. हे मिसळणं कोणाच्या भरवशावर सोडायचं, एवढाच निर्णय तुम्हाला घ्यायचा आहे.

साध्या मिक्सरमध्ये ते पाहुण्याच्या हातावर सोडलेलं असतं. खोलीत स्वतंत्र छोटा गीझर असेल आणि त्याचा थर्मोस्टॅट नीट चालत असेल तर निभतं. व्यवसायासाठी मी तो सुचवत नाही.

खरी तुलना प्रेशर बॅलन्स आणि थर्मोस्टॅटिक यांची. प्रेशर बॅलन्सच्या पोटात एक सरकता तुकडा किंवा पडदा असतो. शेजारच्या खोलीत कोणी फ्लश ओढला आणि थंड पाण्याचा दाब पडला, की तो गरम पाण्याची वाटही तेवढीच अरुंद करतो. दोन्हींचं प्रमाण त्यामुळे कायम राहतं. लक्षात ठेवायची गोष्ट ही की तो प्रमाण सांभाळतो, तापमान नव्हे. पाणी किती तापलंय हे त्याला कळतच नाही.

इथेच सोलर आडवा येतो. एका १२ खोल्यांच्या हॉटेलात मे महिन्यात मी सोलरच्या लाइनवर थर्मामीटर लावून बसलो होतो. सकाळी साडेसहाला ४८ अंश, दुपारी तीनला ७४. सकाळी ४० अंशांचा शॉवर हवा, तर २८ अंशांच्या थंड पाण्यासोबत ६० टक्के गरम घ्यावं लागतं. तेच प्रमाण दुपारी ठेवलं, थंड टाकीतलं पाणीही उन्हानं ३१ वर गेलेलं धरलं, तर नळातून जवळजवळ ५७ अंशांचं पाणी येईल. मांडवी किंवा किल्ला फिरून घामाघूम आलेला पाहुणा सकाळी लावलेल्या खुणेवरच नळ उघडतो. प्रेशर बॅलन्स त्याला वाचवू शकत नाही. त्यातला, नळ गरमकडे किती फिरेल याची मर्यादा बांधणारा खटका सकाळच्या पाण्यावर लावला तर दुपारी निरुपयोगी, दुपारच्या पाण्यावर लावला तर सकाळी पाहुण्याची तक्रार.

थर्मोस्टॅटिकमध्ये मेणाची एक छोटी कुपी असते. मिसळलेलं पाणी तिच्यावरून वाहतं, मेण तापून फुगतं, दांडा पुढे सरकवतं आणि गरम पाण्याचं तोंड आपोआप दाबतं. गरम ४८ असो वा ७४, बाहेर ४० च. थंड पाणी अचानक बंद पडलं तर चांगला व्हॉल्व्ह गरमही बंद करतो. पण हे बंद होणं भरवशाचं राहायला येणारं गरम पाणी मिसळलेल्यापेक्षा साधारण १० अंशांनी तरी जास्त हवं. पावसाळ्यात सोलरला ऊन नसतं आणि वीज वाचवण्यासाठी टाकीतली विजेची कॉइल ४५ वर ठेवली जाते, तेव्हा ही सुरक्षा ढिली पडते. त्यामुळे कॉइल ६० वरच ठेवा.

सोलर किंवा मध्यवर्ती टाकी असेल तर थर्मोस्टॅटिक, यात मला शंका नाही. किंमत जास्त आहे हे खरं, तरी मी दुसरं काही बसवून देत नाही. खोलीखोलीत स्थिर तापमानाचे गीझर असतील तर प्रेशर बॅलन्स पुरतो आणि पैसेही वाचतात.

आता दाबाचं बघा, कारण थर्मोस्टॅटिक घेऊन पस्तावलेले मालक बहुतेक इथेच फसलेले असतात. दाब बारमध्ये मोजतात, आणि १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे जवळपास १ बार. गच्चीवर २ मीटरच्या स्टँडवर टाकी, खाली ३ मीटर उंचीचा मजला, शॉवर फरशीपासून २ मीटर वर: टाकीच्या तळापासून शॉवरपर्यंत उरले ३ मीटर, म्हणजे ०.३ बार. तळमजल्यावर ०.६. अनेक थर्मोस्टॅटिक मिक्सरच्या पुस्तिकेत किमान अर्धा बार, काहींत १ बार लिहिलेला असतो. वरच्या मजल्यावर असा मिक्सर लावला की शॉवरची नुसती धार लागते. ईएन ११११ हे मानक जास्त दाबाच्या थर्मोस्टॅटिकसाठी आहे, ईएन १२८७ कमी दाबाच्या. टाकीच्या उतारावर चालणारी इमारत असेल तर दुकानदाराकडे ईएन १२८७ वालाच मागा.

यावर उपाय म्हणून लोक प्रेशर पंप बसवतात, आणि तोही फक्त थंड लाइनवर, कारण साध्या सोलरच्या टाकीला दाब सोसत नाही. एका ठिकाणी मालकांचा सकाळी सहाला फोन आला, ‘दादा, सोलरच्या वरच्या नळीतून रात्रभर पाणी वाहतंय.’ जाऊन पाहिलं तर पंपाचं थंड पाणी एका उघड्या मिक्सरमधून उलटं गरम लाइनीत शिरत होतं आणि सोलरची टाकी भरून एअर व्हेंटमधून गच्चीवर सांडत होतं. प्रत्येक व्हॉल्व्हच्या दोन्ही तोंडांना एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, आणि जाळी लावा. पंप घ्यायचाच तर गरम आणि थंड दोन्ही लाइनींना, आणि गरम लाइनीवरचा पंप गरम पाणी सोसणारा हवा.

धातूबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे व्हॉल्व्ह झिजून नव्हे, खाल्ला जाऊन मरतो. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मृदू आणि किंचित आम्ल. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं एप्रिल-मे मध्ये मचूळ, म्हणजे क्लोराइड वाढलेलं. दोन्ही पाणी साध्या पितळेतलं जस्त ओढून घेतात. समुद्राला लागून असलेल्या एका बंगल्यातून काढलेला व्हॉल्व्ह मी टेबलावर ठेवून कापला होता. बाहेरून क्रोम चकचकीत, जोडापाशी पांढरी बुकटी जमलेली. आतली कड सोनेरी नव्हती, विटकरी गुलाबी होती. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबलं तर ओल्या जांभ्यासारखी सुटून आली. म्हणून अंगावर डीझेडआर किंवा सीआर असा ठसा असलेलंच पितळ घ्या. त्यात जस्त सुटू नये म्हणून मिश्रण बदललेलं असतं. स्टेनलेस स्टील हवं असेल तर ३१६. मॉलिब्डेनममुळे ते ३०४ पेक्षा मिठाला जास्त टिकतं. खरेदीआधी मे महिन्यातलं पाणी प्रयोगशाळेत द्या. आयएस १०५०० प्रमाणे क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. त्याच्या वर आकडा आला तर साधं पितळ दारातही घेऊ नका.

राहिला प्रश्न एकच मोठा व्हॉल्व्ह टाकीपाशी, की प्रत्येक बाथरूमला एकेक. एक मोठा स्वस्त पडतो आणि देखभालही एकाच जागी. पण त्याच्यापुढची सगळी पाइपलाइन कोमट पाण्याची होते, आणि जून ते सप्टेंबर खोल्या बंद असतात तेव्हा तेच पाणी आत साचून राहतं. शिवाय मोठ्या व्हॉल्व्हला किमान प्रवाह लागतो. मध्यरात्री एकच नळ उघडला की पाणी गरम-थंड, गरम-थंड असं हेलकावे खातं. वीसेक खोल्यांपर्यंत मी बाथरूमनिहायच सुचवतो. त्याहून मोठं, गरम पाणी सतत फिरवणारी परतीची लाइन असलेलं हॉटेल असेल तर टाकीपाशी इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह उत्तम चालतो, पण शॉवरपाशी वेगळी मर्यादा तरीही ठेवावीच लागते. आणि वीज? ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-मंडणगड-दापोलीकडे कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. इलेक्ट्रॉनिक घेताना वीज गेल्यावर तो गरम बाजू बंद करतो का, हे लेखी विचारून घ्या.

थर्मोस्टॅटिक किंवा प्रेशर बॅलन्स, कुठलाही बसवा, गणपतीनंतर आणि दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत प्रत्येक खोलीत एकदा फिरा. जाळ्या काढून धुवा, थर्मामीटरनं शॉवरचं पाणी मोजून वहीत लिहा. मग शॉवर चालू ठेवून थंड पाण्याचा कॉक बंद करा. काही सेकंदांत धार थांबली पाहिजे. नाही थांबली, तर ती खोली पाहुण्याला देऊ नका, आधी व्हॉल्व्हच्या आतली कार्ट्रिज बदला.