लागरसाठी बेस माल्ट: काही महिने आलटूनपालटून वापरल्यानंतरचा अनुभव

लागर म्हणजे थंड तापमानात आंबवलेली बिअर. तिच्या रेसिपीत ९० ते १०० टक्के धान्य बेस माल्टचंच (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं) असतं. एलमध्ये (जास्त उबदार तापमानात आंबवलेल्या बिअरमध्ये) यीस्टचा फळकट गंध बरंच काही झाकून नेतो, इथे तसं होत नाही. म्हणून पिल्सनर, फ्लोअर-माल्टेड (जमिनीवर पसरून मोड आणलेलं) पिल्सनर, पेल एल, व्हिएन्ना आणि म्युनिक हे पाचही माल्ट लागरमध्ये वापरून काय हाती लागलं ते सविस्तर देत आहे. खालची मापं २० लिटरच्या बॅचची आहेत: सुरुवातीची (आंबवण्यापूर्वीची, पाण्याच्या तुलनेत) घनता १.०४८, कार्यक्षमता (माल्टमधली जेवढी साखर हाती लागते तो वाटा) ७२ टक्के, एकूण माल्ट साधारण ४.३५ किलो.

एकच पोतं घ्यायचं असेल तर साधं, पूर्ण मॉडिफाइड (मोड येताना दाणा आतून पुरता मोकळा झालेलं) पिल्सनर माल्ट घ्या. रंग ३ ते ४ ईबीसी (बिअर-माल्टच्या रंगाचं माप), स्टार्चची साखर करणारे एन्झाइम भरपूर, चव स्वच्छ. मात्र पोत्यावरच्या नावापेक्षा त्या लॉटचं विश्लेषणपत्र महत्त्वाचं. विकणाऱ्याकडे ते मागा आणि तीन आकडे पाहा. ओलावा ५ टक्क्यांच्या आत हवा. प्रथिनं ९.५ ते ११.५ टक्के असावीत. त्याहून जास्त असली की एक्स्ट्रॅक्ट (माल्टमधून पाण्यात उतरणारा अंश) घटतो आणि बिअर गढूळ राहण्याची शक्यता वाढते. तिसरा आकडा कोलबाख निर्देशांक, म्हणजे एकूण प्रथिनांपैकी विरघळणारा वाटा. तो ३८ ते ४२ असेल तर निर्धास्त घ्या. ४५ च्या वर गेला तर फेस लवकर बसतो.

मॅशचं (दळलेलं माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवण्याचं) वेळापत्रक याच आकड्यावर ठरतं. जुन्या रेसिपींमध्ये ५० अंशांवर अर्धा तास प्रोटीन रेस्ट (प्रथिनं तोडण्यासाठी त्या तापमानाला थांबणं) सांगितलेली असते. ती कमी मॉडिफाइड माल्टसाठी होती. आजच्या माल्टवर तीच केली की फेस धरून ठेवणारी प्रथिनं तुटतात, आणि मग फेसासाठी डेक्स्ट्रिन माल्ट घालायची वेळ येते. आधी ती रेस्ट काढून टाका. ६३ अंशांवर ४० मिनिटं, ७२ वर ३० मिनिटं आणि शेवटी ७६ वर १० मिनिटं, एवढ्यात बिअर कोरडी उतरते आणि अंगही राहतं. तापमान टप्प्याटप्प्याने वाढवण्याची सोय नसेल तर ६५ अंशांवर एक तास ठेवा, फार काही बिघडत नाही.

पिल्सनर माल्टची खरी अडचण उकळताना येते. हे माल्ट ८०–८५ अंशांच्या आसपास, हलकंच भाजलेलं असतं, त्यामुळे त्यात एसएमएम (एस-मिथाइल मेथिओनिन) शिल्लक राहतं. उष्णतेने त्याचं डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड) होतं आणि बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो. उकळत्या वर्टमध्ये (मॅशमधून गाळलेल्या गोड द्रवात) एसएमएम निम्मं व्हायला सुमारे ४० मिनिटं लागतात. तासाभराने जवळपास एक तृतीयांश उरतं, ९० मिनिटांनी एक पंचमांश. म्हणून ९० मिनिटं, झाकण न ठेवता, खळखळून उकळा. गॅस बंद केल्यावर वर्ट तासभर तसंच गरम राहिलं तर डीएमएस तयार होत राहतं, पण वाफेबरोबर निघून जात नाही. बरेचदा मक्याच्या वासाचं कारण हेच असतं आणि दोष माल्टला दिला जातो. वर्ट झटपट थंड करणारा चिलर आधीच जोडून ठेवा.

पाण्याकडेही लक्ष हवं. आरओ पाण्यात निव्वळ पिल्सनर माल्टचा पीएच ५.७ च्या आसपास राहतो. लागरसाठी तो ५.३ ते ५.४ हवा, नाहीतर टरफलाचा तुरटपणा उतरतो. अ‍ॅसिड्युलेटेड माल्ट (लॅक्टिक आम्ल असलेलं) दर एक टक्क्याला पीएच साधारण ०.१ ने खाली आणतं, म्हणजे ३ टक्के, सुमारे १३० ग्रॅम पुरे. एकूण ३० लिटर पाण्याला ५.५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घातलं की कॅल्शियम ५० पीपीएमवर येतं. म्युनिक मुळातच पीएच खाली नेतं, त्यामुळे त्याचं प्रमाण वाढवलं तर अ‍ॅसिड्युलेटेड माल्ट कमी करा.

फ्लोअर-माल्टेड बोहेमियन पिल्सनरची चव मला सर्वात आवडली: ब्रेडच्या गराची, जरा मधाळ. पण ते मेहनत मागतं. मॉडिफिकेशन कमी, दाण्याची टोकं कडक. माल्ट दळायच्या गिरणीच्या रोलरमधली फट ०.१ मिलिमीटरने कमी करावी लागते आणि एक डिकॉक्शन (मॅशचा काही भाग वेगळा उकळणं) उपयोगी पडतं: ६३ अंशांवरच्या मॅशमधला घट्ट एक तृतीयांश भाग काढून १५ मिनिटं उकळायचा आणि परत ओतायचा, की मॅश ७२ च्या जवळ पोहोचतो. तेवढा वेळ नसेल तर हे माल्ट घेऊ नका, चवीतला फरक पदरात पडत नाही.

पेल एल माल्ट जास्त भाजलेलं असल्याने तासभर उकळून भागतं. पण बिस्किटाची चव येते, रंगही चढतो. पिल्सनर शैलीसाठी नकोच. अंबर लागरमध्ये चालेल.

व्हिएन्ना १०० टक्के वापरता येतं, छान लागतं. म्युनिक स्वतःचं स्टार्च स्वतः मोडू शकतं, पण एन्झाइम बेताचेच असतात. ६३ वरचा टप्पा गाळला तर बिअर गोड आणि जड राहते. फिक्या हेलेससाठी (सौम्य जर्मन लागरसाठी) ९२ टक्के पिल्सनर आणि ८ टक्के, म्हणजे ३५० ग्रॅम, हलकं म्युनिक हे मिश्रण सर्वात भरवशाचं वाटलं. म्युनिक १५ टक्क्यांपुढे गेलं की हॉप्सचा कडवटपणा बोथट होतो.

लॉट बदलला की दाण्याचा आकारही बदलतो. फट १.१ मिलिमीटरवरच ठेवून बारीक दाण्याचा लॉट दळला तर अख्खे दाणे निसटतात आणि घनता चार-पाच पॉइंट कमी भरते (१.०४८ ऐवजी १.०४३-१.०४४). पहिली मूठभर भरड हातावर पसरून पाहा: अख्खा दाणा दिसू नये, टरफल मात्र शक्यतो सलग राहावं. दाणा दाताखाली कटकन न फुटता चामट लागला तर माल्टने ओलावा धरला आहे. असं माल्ट किलोमागे कमी साखर देतं आणि भरडण्याऐवजी चपटं होतं. पोतं उघडल्यावर माल्ट हवाबंद डब्यात, न दळता ठेवा, आणि ब्रूच्या दिवशीच दळा.