कमी बोलणाऱ्यांसाठीचं लीडरशिप वर्कशॉप, पार्ले ईस्ट : दोन शनिवारांचा अनुभव

रिव्ह्यू कोण लिहितंय ते आधी सांगते. अंधेरीला एका जनरल इन्शुरन्स कंपनीत मोटर क्लेम्समध्ये १४ वर्षं काम करतेय, गेल्या वर्षी टीम लीड झाले, हाताखाली ९ जण. दर अप्रेझलला तेच ऐकायचं, काम उत्तम आहे पण मीटिंगमध्ये बोलत नाही, व्हिजिबिलिटी वाढवा. आई लहानपणापासून सांगायची की बोलणाऱ्याची मातीही विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, आणि अप्रेझलच्या दिवशी ते फार लागायचं. त्यामुळे एका मैत्रिणीने "अंतर्मुख लोकांसाठी लीडरशिप" अशी जाहिरात पाठवली तेव्हा लगेच ५,५०० रुपये भरले. संस्थेचं नाव टाकत नाहीये, काही गोष्टी खटकल्यात आणि त्या मी त्यांच्या फीडबॅक फॉर्ममध्ये सरळ लिहून दिल्यात.

जून महिन्यातले दोन शनिवार, १० ते ५, आम्ही २२ जण. मी डोंबिवलीहून, म्हणजे दादरला बदलून पार्ले, स्टेशनपासून चालत हॉल.

पहिला तास वाईट गेला. गोल बसवलं आणि माइक फिरवला, प्रत्येकाने स्वतःबद्दल एक मिनिट बोला. अहो, इथे आलेला प्रत्येक माणूस ह्याच गोष्टीला टाळत आयुष्य काढतोय, त्याला आल्या आल्या माइक कशाला द्यायचा! माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांचा हात थरथरताना मी पाहिला. मग एमबीटीआय, म्हणजे माणसाचा स्वभाव चार अक्षरांच्या टाइपमध्ये सांगणारी पर्सनॅलिटी टेस्ट, कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स ह्या मायलेकींनी बनवलेली. त्यात तासभर गेला, आणि खरं सांगायचं तर त्या टेस्टवर इतका भर द्यायला नको होता, कारण तोच माणूस काही आठवड्यांनी परत बसला की बरेचदा वेगळा टाइप येतो. बहुतेक लोक अंतर्मुख आणि बहिर्मुख ह्या दोन टोकांच्या मधेच कुठेतरी असतात, स्वतः मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगनेही १९२१ च्या पुस्तकात हे शब्द मांडले तेव्हा शंभर टक्के एका बाजूचा माणूस असतो असं म्हटलं नव्हतं.

पण चहानंतर ट्रेनर मॅडम जे बोलायला लागल्या त्याने माझे पैसे वसूल झाले. पहिली गोष्ट, लाजाळू आणि अंतर्मुख ह्यात फरक आहे. लाजाळू माणसाला लोक काय म्हणतील ह्याची भीती असते, अंतर्मुख माणसाला भीती असेलच असं नाही, त्याला गोंगाट कमी आणि विचाराला वेळ जास्त लागतो. मी चौदा वर्षं स्वतःला भित्री समजत होते.

दुसरी गोष्ट २०११ च्या एका अभ्यासाची, अ‍ॅडम ग्रँट, फ्रान्सेस्का जीनो आणि डेव्हिड हॉफमन ह्यांचा, अमेरिकेतल्या एका पिझ्झा चेनच्या दुकानांवर केलेला. जिथे कर्मचारी स्वतःहून सुचवणारे, पुढाकार घेणारे होते तिथे शांत मॅनेजरच्या दुकानाचा नफा जास्त निघाला, आणि जिथे कर्मचारी सांगेल तेवढंच करणारे होते तिथे बोलका मॅनेजर सरस ठरला. मॅडमनी दोन्ही बाजू सांगितल्या हे मला फार आवडलं, नाहीतर हल्ली "शांत लोकच ग्रेट" असं सांगून टाळ्या घेणारे खूप आहेत. म्हणजे आधी आपली टीम कशी आहे ते बघायचं. माझी टीम सुचवणारी आहे, फक्त मीटिंगमध्ये सुचवत नाही.

त्यावरचाच प्रयोग दुपारी झाला. सहा जणांचं टेबल, एक केस दिली, कुरिअर कंपनीची पार्सलं उशिरा का पोचतात. आधी १५ मिनिटं चर्चा, त्यात दोघेच बोलले, कागदावर ७ मुद्दे आले. मग दुसरी तशीच केस, पण १० मिनिटं कोणी बोलायचं नाही, नुसतं लिहायचं. हॉलमध्ये पंख्याचा आवाज आणि पेनांची खरखर, बस्स. माझ्या समोरच्या बाई परीक्षेत झाकतात तसा डावा हात कागदावर आडवा ठेवून लिहीत होत्या, सकाळपासून त्या नावापलीकडे एक शब्द बोलल्या नव्हत्या. कागद मधे ठेवले तर १९ मुद्दे, त्यातले ६ एकट्या त्या बाईंचे.

ब्रेनस्टॉर्मिंग, म्हणजे एकत्र बसून सुचेल ते बोलत कल्पना काढायच्या, हा प्रकार अ‍ॅलेक्स ऑस्बर्न नावाच्या जाहिरातवाल्याने लोकप्रिय केला, आणि १९५८ मध्येच येल विद्यापीठात तपासून पाहिलं तर तेवढेच लोक वेगवेगळे बसून जास्त कल्पना काढतात असं दिसलं. कारणही साधं आहे, एकजण बोलत असताना बाकीचे थांबतात आणि थांबता थांबता आपलं विसरतात. अ‍ॅमेझॉनमध्येही २००४ पासून वरच्या मीटिंगमध्ये स्लाइड बंद, आधी सगळे गप्प बसून सहा पानी टिपण वाचतात आणि मग बोलतात.

आता ऑफिसचं. जुलैच्या पावसात पाण्यात अडकलेल्या गाड्यांचे क्लेम नेहमीसारखे तुंबले. मी सोमवारच्या मीटिंगला पहिली १० मिनिटं गप्प लिहायची ठेवली. आमच्यात एक पोरगा आहे, दोन वर्षांत मीटिंगमध्ये चार वाक्यं बोलला असेल, त्याने लिहिलं की कस्टमरने बुडालेली गाडी सुरू करून बघितली का आणि इंजिन प्रोटेक्ट कव्हर (पाणी शिरून इंजिन बिघडलं तर त्यासाठीचं वेगळं कव्हर) आहे का हे आपण इंजिन उघडल्यावर विचारतो, तेव्हा भांडणं होतात, हे पहिल्या कॉललाच विचारा आणि गाडी सुरू करू नका हा मेसेज पाऊस वाढताच सगळ्या पॉलिसीधारकांना पाठवा. दुसऱ्या दिवसापासून पहिल्या कॉलचे प्रश्न बदलले. मेसेजला वरून परवानगी लागली, चार दिवस गेले, पण गेला.

दुसरा शनिवार मात्र घाईत उरकला. कडक फीडबॅक कसा द्यायचा ह्याला जेमतेम ४० मिनिटं, आणि शांत बॉसचा जो खरा दोष असतो तो कोणी काढलाच नाही. माझ्याच टीममधली एकजण परवा म्हणाली, "मॅडम, तुम्ही फाइल बघून गप्प बसता ना, मला वाटतं माझं काहीतरी चुकलं." हे वर्कशॉपमध्ये असायलाच हवं होतं. आता फाइल परत देताना "ठीक आहे" एवढं तरी तोंडाने म्हणते. शिवाय नंतर २२ जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला, दिवसभर मेसेज, मी बाहेर पडले.

जेवण छान, पुरीभाजी आणि श्रीखंड, आणि ज्यांना एकटं जेवायचंय त्यांच्यासाठी वरची एक खोली मोकळी ठेवली होती. एवढा विचार मी कुठल्याच ट्रेनिंगमध्ये पाहिला नाही.

पाचपैकी साडेतीन देईन. नवीन टीम लीड झालेल्यांनी जावं, स्टेजवर भाषण शिकायचं असेल तर हे ते नाही. पुढची बॅच गणपतीनंतर आहे, आमच्या त्या पोराला चॅटवर विचारलं की नाव देऊ का, त्याने दोन दिवसांनी "हो मॅडम, पण माइक नको" असं उत्तर पाठवलं, ते मी एचआरच्या मेलमध्ये तसंच लिहून दिलंय.