सरळ पाइप, वाकडं काम: घरचा बॉयलर बसवताना होणारी फसवणूक

काम संपलं की घरमालकाला भिंत दाखवली जाते. गॅसवर खोल्या आणि नळाचं पाणी तापवणाऱ्या बॉयलरखालून उतरणारे तांब्याचे पाच पाइप ओळंब्यात, क्लिपा एका रेषेत, वळणं एकसारखी, सोल्डरचे सांधे पुसून चकचकीत. फोटो निघतो, उरलेले पैसे चुकते होतात. पहिल्या थंडीत दाबाचा काटा खाली येऊ लागतो, दुसऱ्या थंडीत नळाला कोमट पाणी येतं आणि पुढे कंपनीचा माणूस खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरमधलं काळं पाणी बघून वॉरंटीचा दावा फेटाळतो. वरून कीर्तन, आतून तमाशा. ही फसवणूक लवकर लक्षात येत नाही, कारण फसवणाऱ्याचा हात खरोखर चांगला असतो. इतक्या सुबक पाइप वाकवणारा माणूस जुना गाळ न काढताच बॉयलर जोडून जाईल, ही शंकाच मनात येत नाही.

सुबकपणाला नावं ठेवायची नाहीत. १५ मिमीच्या आडव्या तांब्याच्या पाइपला दर १.२ मीटरला क्लिप, उभ्याला १.८ मीटरला; २२ मिमी असेल तर १.८ आणि २.४ मीटर. हे पाळणारा कारागीर चांगलाच. पण तांबं तापलं की वाढतं. १० मीटर पाइप ६० अंशांनी तापला तर जवळजवळ १० मिमीने लांबतो. फोटोत फट दिसू नये म्हणून भिंतीतल्या भोकात पाइप सिमेंटने चिणून टाकला, की रात्रभर टकटक ऐकावी लागते. तिथे स्लीव्ह, म्हणजे पाइपभोवती सैल नळी हवी. फ्लक्सचंही, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात त्या लेपाचंही, तेच. बाहेरचा पुसलेला असतो. आत ओघळलेला तसाच राहिला तर तांब्याला आतून हिरवे चर पडतात आणि कालांतराने सुईच्या टोकाएवढं छिद्र पडून पाणी झिरपतं. फ्लक्स पाइपच्या टोकाला पातळ लावायचा, फिटिंगच्या तोंडात भरायचा नाही, आणि शेवटी पाइप पाण्याने धुवायचे.

सगळ्यात मोठी लबाडी या धुण्यातच होते. अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त वेळ खाणारं हे काम, आणि झालं की नाही ते बाहेरून दिसत नाही. कोटेशनमध्ये 'सिस्टीम फ्लश' असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात जुनं पाणी सोडून नवं भरलं जातं. लोखंडी रेडिएटर आतून गंजले की मॅग्नेटाइटचा काळा, जड गाळ तयार होतो आणि तळाशी बसतो. पाणी नुसतं सोडल्याने तो हलत नाही. नवा बॉयलर सुरू झाला की तोच गाळ फिरू लागतो आणि प्लेट हीट एक्स्चेंजरच्या (नळाचं पाणी तापवणाऱ्या भागाच्या) अरुंद वाटा बुजवतो. रेडिएटर वर गरम आणि खाली मधोमध थंड लागला तर गाळ समजावा. वर थंड आणि खाली गरम असेल तर ती नुसती हवा आहे, एअर व्हॉल्व्ह किल्लीने उघडला की निघते.

फ्लशचं मशीन आणलं म्हणजे फ्लश झालाच असं नाही. सगळे रेडिएटर उघडे ठेवून तासभर पंप घरघरत ठेवला, तर पाणी सोप्या वाटेने फिरतं आणि बुजलेला रेडिएटर बुजलेलाच राहतो. खरं काम एकेका रेडिएटरचं असतं: बाकीचे बंद, पूर्ण प्रवाह एकाच रेडिएटरमधून, अधूनमधून उलट दिशेने, आणि रबरी हातोडीने ठोकून गाळ सैल करायचा. पाणी स्वच्छ दिसलं म्हणजे संपलं असंही नाही, धुण्याचं केमिकल आत राहतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर नळाच्या पाण्यात बुडवा आणि मग सिस्टीममधून येणाऱ्या पाण्यात. दोन्ही आकडे १० टक्क्यांच्या आत आले की फ्लश झाला. मीटर खिशात मावतो. तो नसेल तर कारण विचारा.

त्यानंतर इनहिबिटर, म्हणजे गंजरोधक. किती घालायचं ते सिस्टीममधल्या एकूण पाण्यावर ठरतं. बाटलीवर किती लिटरसाठी ते छापलेलं असतं. १०० लिटरची बाटली १८० लिटरच्या सिस्टीममध्ये ओतली तर ती नुसती मनाची समजूत. काही जण तेवढंही करत नाहीत, बॉयलरवर स्टिकर चिकटवतात आणि रिकामी बाटली ओट्यावर ठेवून जातात. पाणी तपासायच्या पट्ट्या मिळतात, रंग जुळवून दोन मिनिटांत कळतं. मॅग्नेटिक फिल्टर असेल तर तो बॉयलरकडे परतणाऱ्या पाइपवर, बॉयलरच्या जवळ हवा, म्हणजे गाळ आत जाण्याआधी अडतो. जागा सोयीची म्हणून बाहेर जाणाऱ्या पाइपवर लावलेले फिल्टर सर्रास सापडतात. आणखी एक प्रकार: फिल्टर इतका दाटीवाटीने बसवलेला की झाकण काढून चुंबक बाहेर ओढायला वाव नाही. फोटोत मात्र छान दिसतो.

आता स्पिरिट लेव्हल घ्या. धूर भिंतीतून बाहेर नेणाऱ्या नळीवर, म्हणजे फ्लूवर ती ठेवा. बुडबुडा अगदी मधोमध थांबला तर बहुतेक वेळा फ्लू चुकला आहे. कंडेन्सिंग बॉयलरच्या (धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णताही वापरणाऱ्या) फ्लूत पाणी साठतं आणि ते बॉयलरकडे परत यायला हवं. म्हणून आडवा फ्लू बॉयलरच्या दिशेने उतरता लागतो. बहुतेक मॅन्युअलमध्ये हा उतार अडीच-तीन अंशांचा, म्हणजे मीटरमागे साधारण ४५ ते ५० मिमी दिलेला असतो. तो दिसायला 'तिरका' दिसतो, म्हणून दिखाऊ कारागीर सरळ करून टाकतो. बाहेरची पांढरी कॉलर मग सगळं झाकते: भिंतीतलं बुजवलेलं नसलेलं भोक, आखूड कापलेला आणि सीलमध्ये अर्धवट घुसलेला पाइप. फ्लू छताच्या पोकळीतून नेला असेल तर प्रत्येक सांधा पाहता येईल अशी छतात उघडणारी झडप (हॅच) हवी. झडप नाही म्हणजे सांधा पाहायचा कसा, आणि सुटलेल्या सांध्यातून घरात येतो तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. अलार्म लावलेला नसेल तर बाकी वाचण्याआधी तो लावा.

कंडेन्सेटच्या, म्हणजे धुरातून सुटलेलं पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपचंही तसंच, फक्त उतार बॉयलरपासून ड्रेनकडे, मीटरमागे ४५ मिमी. हे पाणी आम्लधर्मी असतं, पीएच साधारण ३ ते ५, त्यामुळे पाइप प्लास्टिकचाच. इतर पाइपांशी रंग जुळावा म्हणून इथेही तांबं लावणारे भेटतात. ते तांबं आतून खाल्लं जातं. पाइप घराबाहेरून जात असेल तर तो शक्य तितका आखूड, किमान ३२ मिमी व्यासाचा आणि इन्सुलेशन घातलेला हवा. नाहीतर कडाक्याच्या थंडीत तो गोठतो आणि नेमका तेव्हाच बॉयलर बंद पडतो. सुरू करण्याआधी ट्रॅप (पाणी साठवून धूर अडवणारा भाग) पाण्याने भरायचा असतो. तो कोरडा राहिला तर धूर त्या वाटेने घरात येतो.

सुबकपणा हीच फसवणूक कशी होते, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण सेफ्टी व्हॉल्व्हच्या पाइपचं. दाब ३ बारवर गेला की हा व्हॉल्व्ह उघडतो. त्याचा धातूचा पाइप सतत उतरता, मध्ये कुठेही व्हॉल्व्ह नसलेला आणि बाहेर भिंतीकडे तोंड करून उघडा सोडलेला हवा, म्हणजे गळती दिसते आणि गरम पाणी कुणाच्या अंगावर उडत नाही. भिंतीवर एक पाइप कमी दिसावा म्हणून तो कंडेन्सेटच्या प्लास्टिक पाइपात जोडला जातो. काम नीटनेटकं दिसतं खरं, पण व्हॉल्व्ह गळतोय हे महिनोन् महिने कळत नाही.

गॅसच्या पाइपातली चोरी जास्त धूर्त. जुना बॉयलर लहान, त्याला १५ मिमी पाइप पुरत होता. नवा कॉम्बी (खोल्या आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा) ३० किलोवॉटचा. गॅस मीटरपासून नवा पाइप ओढायचा म्हणजे फरशी उचलायची, भिंत फोडायची. त्याऐवजी दिसणारा शेवटचा मीटरभर २२ मिमी टाकतात आणि भिंतीआड तो जुन्या १५ मिमीला जोडतात. पैसे मात्र संपूर्ण लाइनचे. पूर्ण भारावर गॅसचा दाब उतरतो, बॉयलर ठरलेली उष्णता देत नाही. याची तपासणी घरमालकालाही करता येते, बॉयलरच्या झाकणाला हात न लावता. घरातली बाकीची गॅसची उपकरणं बंद करा, गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडा आणि दोन मिनिटांत मीटर किती फिरला ते लिहा. नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरमधून ढोबळमानाने १०.५ ते ११ किलोवॉट-तास मिळतात. ३२ किलोवॉट ओढणाऱ्या बॉयलरला दोन मिनिटांत १०० लिटरच्या आसपास गॅस लागायला हवा. ७० लिटरच लागला तर फिटरला जाब विचारायचा. नळाचा प्रवाह कमी असेल किंवा येणारं पाणी आधीच गरम असेल तर बॉयलर आपणहून मंद जळतो, हे आधी तपासा. झाकण उघडण्याचं आणि दाब मोजण्याचं काम मात्र परवानाधारकाचंच.

(जाता जाता: 'मोठाच घ्या' हा सल्लाही तपासून घ्यावा. मिनिटाला १० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला साधारण २४ किलोवॉट लागतात. खोल्या तापवायला बहुतेक घरांना त्याहून खूपच कमी.)

शेवटी मिळतो तो चाचणीचा कागद, आणि लबाडी हाताला लागते ती इथेच. गाडीत बसून भरलेल्या कागदावरचे आकडे गोल असतात. स्थिर दाब २०.० मिलिबार आणि पूर्ण भारावरचा दाबही २०.० मिलिबार, म्हणजे मोजलेलाच नाही. गॅस वाहू लागला की मीटर ते बॉयलर थोडा तरी दाब उतरतोच. मोजणाऱ्याचे आकडे वाकडेतिकडे येतात. फ्लू गॅसची पूर्ण आणि मंद जाळावरची मोजणी ॲनालायझरच्या छापील पट्टीसकट मागा आणि पट्टीवरची तारीख-वेळ पाहा. ती वेळ माणूस तुमच्या घरी येण्याआधीची असेल तर पट्टी दुसऱ्याच घरची आहे. नैसर्गिक वायूवरच्या बहुतेक कंडेन्सिंग बॉयलरला पूर्ण जाळावर कार्बन डायऑक्साइड ९ टक्क्यांच्या आसपास येतो. कार्बन मोनॉक्साइडचं त्याच्याशी गुणोत्तर ०.००४ च्या आत हवं. 'रेडिएटर बॅलन्स केले', म्हणजे प्रत्येकातला प्रवाह जुळवला, अशी टीप असेल तर लॉकशील्ड व्हॉल्व्हची (तो प्रवाह ठरवणाऱ्या, टोपीखालच्या व्हॉल्व्हची) टोपी काढून पाहायला सांगा. सगळेच पूर्ण उघडे असतील तर कुणी हात लावलेला नाही. परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली राहिलं तरच बॉयलर नीट कंडेन्स करतो. तापमान ८० वर ठेवून निघून गेलेल्या माणसाने 'कंडेन्सिंग'च्या नावाखाली साधाच बॉयलर विकला असं समजा.

एवढ्यावर थांबत नाहीत. दाब उतरतो म्हणून बोलावलं की तोच माणूस फिलिंग लूपने (नळाचं पाणी सिस्टीममध्ये घेणाऱ्या जोडणीने) पाणी भरून जातो. दर वेळी नवं पाणी म्हणजे नवा ऑक्सिजन आणि आणखी पातळ झालेला इनहिबिटर. तिसऱ्या फेरीत 'हीट एक्स्चेंजर गेला' असं सांगून मोठं बिल. बऱ्याचदा दोष एक्स्पान्शन व्हेसलमधली, म्हणजे तापून वाढलेलं पाणी सामावणाऱ्या टाकीतली हवा कमी होण्याचा असतो. १०० लिटर पाणी १० वरून ८० अंशांवर गेलं की जवळपास ३ लिटरने वाढतं. व्हेसलमध्ये हवा नसेल तर ते जाणार कुठे? गरम असताना काटा ३ वर, सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी बाहेर, थंड झाल्यावर काटा शून्यावर. व्हेसलच्या हवेच्या व्हॉल्व्हची पिन तुमच्यासमोर दाबायला सांगा. हवा आली तर पाण्याचा दाब शून्यावर आणून मॅन्युअलप्रमाणे, सहसा ०.७५ ते १ बार, हवा भरायची. पाणी आलं तर आतला पडदा फाटला आहे, व्हेसल बदलावी लागेल. व्हॉल्व्ह काही वेळा उघडला की त्यात कचरा अडकून तो ठिबकत राहतो, म्हणून बाहेरच्या तोंडाला रात्री प्लास्टिकची पिशवी सैल बांधा. सकाळी ती ओली असेल तर गळती तिथेच.

भांडण उभं राहणार असं दिसलं तर त्या माणसाला सिस्टीम पुन्हा रिकामी करू देऊ नका. आधी दोन रेडिएटरच्या एअर व्हॉल्व्हमधून पाणी दोन पारदर्शक बाटल्यांत घ्या, तारीख लिहा, रात्रभर हलवू नका आणि तळाशी किती काळा थर बसतो त्याचा फोटो कोटेशनमधल्या 'फ्लश'च्या ओळीशेजारी ठेवून काढा.